वैशूचं पुरळ आणि मंदाचं वांगं

लहान लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की गल्लीत डॉक्टर किती निघतात, ते मी एकदा बोटांवर मोजलं होतं. आमच्या एका गल्लीत अकरा निघाले. त्यातली पहिली मी.

हे लिहायला मला आमच्या मंदाने बसवलं. मंदा माझी सून. ती म्हणाली, "आई, दवाखान्यात बाया विचारतात तेव्हा तुम्ही तासतासभर सांगत बसता, तेच एकदा लिहून काढा ना." मी म्हटलं, माझं लिहिणं ते काय. मी शाळेत गेलेली नाही. भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवली, आणि लग्नानंतर साखरेच्या पुडीचे कागद, खताच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या, जे दिसेल ते वाचत सुटले. वाचता येतं याचा मला भारी तोरा होता. तो कुठे उतरला ते पुढे येईलच.

ज्यांच्या मांडीवर असं अंग फुललेलं लेकरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांची नावं यात नाहीत. ती तुमचा डॉक्टर सांगेल. डॉक्टर जे सांगत नाही, ते मी सांगते.

वैशू घरी आली

वैशू जन्मली श्रावणात, धुळ्याला, मंदाच्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीतच आहे. आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. कपाशी, ज्वारी, थोडी केळी. दिवाळी झाली की सून नातीला घेऊन येणार, म्हणून मी पाऊसकाळापासूनच तयारीला लागले होते.

जुनी नरम लुगडी उसवून गोधडी शिवली. झबली शिवली बारा. एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं. आणि उशी केली. तान्ह्या बाळाला आमच्याकडे मोहरीची उशी देतात. दाणे डोक्याखाली हलत राहतात, म्हणून डोकं चपटं न होता गोल होतं. पण घरात तेवढी मोहरी नव्हती. हायब्रीड ज्वारीची पेरणी नुकतीच उरकली होती आणि पिशवीत शेर-दीड शेर बी उरलं होतं. मोत्यासारखा गोल दाणा. सोंडे लागत नाहीत त्याला, वर्षभर ठेवलं तरी. मी म्हटलं, याच्याहून बरं काय मिळणार. मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवली, बी भरलं, वरून निळ्या फुलांचा अभ्रा. अशी उशी झाली की शेजारच्या गंगूबाईने दोनदा हातात घेऊन पाहिली.

वैशू आली तेव्हा तीन महिन्यांची होती. जावळ काळंभोर, गाल असे की बोट लावावंसं वाटावं. मी तिला उशीवर निजवलं आणि आमच्या ह्यांना हाक मारली, "पाहा हो, डोकं कसं बसलंय!" ह्यांना गावात नाना म्हणतात. नाना म्हणाले, "डोकं तिचंच शे ना? मंग तुले काय इतकी हाऊस?"

पहिला चट्टा

पंधरा दिवस झाले नसतील. आंघोळ घालताना कानामागे लाल दिसलं. मी म्हटलं, दुधाचा ओघळ गेला असेल. दोन दिवसांनी मानेच्या मागे. मग डोक्याच्या मागच्या बाजूला खपल्या, पिवळ्या, ओलसर. तिथले केसही गळायला लागले. मग गाल. मग खांदे. लेकरू मान इकडून तिकडे घासायचं, नखं लागायची, रक्त यायचं. रडून रडून आवाज बसायचा तिचा.

गंगूबाई आली, पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"माय वं! पोरना डोकाले काय व्हयनं हाई? नजर लागनी शे, नजर."

मी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या, चट्टे तसेच.

दुसऱ्या दिवशी गंगूबाईने दुसरं काढलं. "सुनले इचार, काय खादं तिनी?"

झालं. तो धागा मी धरला तो सुटलाच नाही. अंगावर पिणारं लेकरू, आईने उष्ण खाल्लं की ते दुधातून उतरतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मंदा धुळ्याची, आणि भरिताच्या वांग्यावर तिचा जीव. मी तिचं वांगं बंद केलं. मग शेंगदाणे. मग मिरची, मग आंबट, मग गूळ. उरलं काय? मुगाची खिचडी आणि दुधी. सकाळ-संध्याकाळ.

मंदा एकदाच म्हणाली, "आई, दोन महिन्यांपासून वांगं खाल्लं नाही, तरी वाढतंच आहे."

मी म्हटलं, "आधीचं अंगात मुरलेलं असतं."

तिने खिचडीचं ताट पुढे ओढलं. तेव्हा मला वाटलं, पटलं तिला.

जो उठेल तो काहीतरी लावेल

आता त्या दोन महिन्यांत आम्ही त्या लेकराच्या अंगाला काय काय लावलं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. कडुलिंबाचा पाला वाटून. करंजाचं तेल. कापूर घातलेलं खोबरेल. काव, म्हणजे गेरू. चुन्याची निवळी. बेसन. आत्याने सांगितलेलं गोमूत्र. मावशीने सांगितलेली गोवऱ्यांची राख. प्रत्येक वेळी सांगणारी बाई छातीवर हात ठेवून म्हणायची, "आमच्या बाळ्याचं तीन दिवसांत गेलं." कोणाचा बाळ्या, कधीचा बाळ्या, कोणी दाखवला नाही.

माझा मुलगा सुरेश शेतातून यायचा, आणि रोज लेकीचा रंग वेगळा. कधी हिरवी, कधी तांबडी, कधी राखाडी. एक दिवस त्याने डोक्यावरचा रुमाल ओट्यावर आपटला.

"आई, पोरगी शे का भाजीनं पातेलं? जो उठस तो काही ना काही टाकस!"

मग जळगावला नेलं, चामडीच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हातारे, शांत. भिंग लावून पाहिलं. म्हणाले, इसबाचा प्रकार आहे, काही मुलांची कातडीच अशी असते. मलम दिलं, साबण सांगितला, आणि म्हणाले, "आजी, बाकी सगळं लावणं बंद. कळलं ना? सगळं."

मी मान हलवली. आणि बाहेर आल्यावर एसटी स्टँडवर एका बाईने वैशूला पाहून सांगितलं की नशिराबादला एक म्हातारी काळं मलम देते, दगडाला लावलं तर दगड गुळगुळीत होईल. नशिराबाद तिथून जवळ. परत केव्हा येणं होणार? गेलो. मंदा म्हणत होती, "आई, डॉक्टर नको म्हणाले." मी म्हटलं, "डॉक्टरांना कोण सांगायला जातंय!"

तर सकाळी जळगाव, संध्याकाळी नशिराबाद, असं ते लेकरू दोन्हीकडून भाजून निघालं. जळगावच्या मलमाने जरा उतरायचं, काळ्या मलमाने पुन्हा चढायचं. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरत होते की जळगावच्या औषधाचा काही गुण नाही.

त्या संक्रांतीला तिचं बोरन्हाण होतं. शेजारची पोरं बोलवायची, बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतायचे. कुठल्या डोक्यावर ओतणार? अर्ध्या डोक्याला फडकं बांधलेलं. मंदाने हौसेने शिवलेलं काळं झबलं पेटीतच राहिलं. ती पेटी बंद करताना तिची पाठ दिसली मला. एवढी वाळली होती की पोलक्यातून मणके मोजावेत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटून मी काय केलं, तर तिच्या खिचडीत एक चमचा तूप जास्त घातलं. वांगं नाही दिलं.

धुळ्याचा दवाखाना

माघात चट्टे पिकले. पू झाला, ताप भरला, वैशू दूध ओढेना. सुरेश म्हणाला, आता कोणाचंही ऐकणार नाही. भडगावहून चाळीसगाव, तिथून धुळ्याची गाडी. सगळ्या वाटेत मंदाने मांडीवरून नजर काढली नाही, आणि माझ्याकडे तर एकदाही पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, बारीक, आणि आवाज असा की वॉर्डातल्या रडणाऱ्या पोरांनी गप्प बसावं. वैशूला पाहून म्हणाल्या, "हे काळं काय आहे?"

मी सांगितलं.

"आणि हे हिरवं?"

तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. म्हणाल्या, "सिस्टर, आधी या बाळाला धुवा."

आठ दिवस राहिलो. सकाळी सात वाजता सिस्टर जांभळ्या पाण्याचं भांडं घेऊन यायची. त्यात कापड भिजवून खपल्यांवर ठेवायचं, त्या आपोआप सुटेपर्यंत ओढायच्या नाहीत. मग मलम, पातळ, इतकं पातळ की मला वाटायचं कंजूषपणा करतात. हातांना कापडाच्या पिशव्या बांधायच्या, नखं लागू नयेत म्हणून. रोज एक सुई. सुईच्या वेळेला मी व्हरांड्यात जाऊन उभी राहायची आणि मंदा आत धरून बसायची. आजी म्हणून मिरवणारी मी, पण मला ते पाहवायचं नाही.

शेजारच्या खाटेवर शकीलाबी नावाची बाई होती, तिच्या मुलाला गोवराचा त्रास. नवरा तिचा पिंजारी, गाद्या भरणारा. पहिल्याच दिवशी तिने आपल्या जुन्या मलमलच्या ओढणीची घडी केली आणि वैशूच्या डोक्याखाली सरकवली. म्हणाली, "अम्मा, बच्चे के नीचे पुराना कपडा रखो. जितना पुराना, उतना अच्छा." मी मनात म्हटलं, हिला काय माहीत माझी उशी कशी आहे. घाईत ती घरीच राहिली, याची मला हळहळ वाटत होती बघा. शकीलाबी रोज आपल्या चहातला अर्धा कप मंदाला द्यायची. माझ्या सुनेला त्या आठ दिवसांत हसताना पाहिलं, ते तिच्याशीच बोलताना.

आठव्या दिवशी वैशूची मान उघडी, कोरडी, गुलाबी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस इथेच माहेरी ठेवा. ठेवलं. होळीला घरी आणलं तेव्हा डोक्यावर नवं जावळ उगवायला लागलं होतं. मी तिला उशीवर निजवलं.

दहाव्या दिवशी कानामागे लाल.

विहीणबाईंचं पोस्टकार्ड

मला आता राग कोणावर काढावा ते कळेना. औषधावर काढला, उन्हावर काढला, गिरणेच्या पाण्यावर काढला. मंदाने माहेरी चोरून काही खाल्लं असेल, असंही बोलून गेले. सुरेश जेवणावरून उठला. मंदा उठली नाही. ताटातली खिचडी बोटाने सारखी करत बसली.

आखाजी आली. आखाजीला आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मंदा वैशूला घेऊन गेली. जाताना तिने पेटीतली आपली सगळी लुगडी घेतली. आखाजीला एवढी लागतात का? मी पाहिलं, विचारलं नाही.

पंधरा दिवसांत पोस्टकार्ड. विहीणबाईंचं अक्षर, मोठं मोठं. "चि. वैशूचं अंग इथे आल्यापासून स्वच्छ आहे. तुमच्याकडची हवा तिला मानवत नाही असं दिसतं. तरी सध्या मंदाला पाठवण्याचं मनात नाही." आणि खाली मंदाच्या अक्षरात दोन ओळी: "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिकडे बाळाच्या अंगाला जे जे लागतं ते सगळं एकदा घेऊन या. एकूण एक."

नाना म्हणाले, "मंग ली जाय ना." पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. म्हणजे आमच्या घराची झडती! आमची हवा वाईट, आमचं पाणी वाईट, आता आमची चिंधी न् चिंधी तपासणार. आणि पोस्टकार्डावर लिहायचं हे! पोस्टमनपासून सगळ्या गावाने वाचलं.

सुरेश ओट्यावर बसून होता. तो म्हणाला, "आई, यावेळी पोरगी परत आली नाही, तर मी पण धुळ्याला काम बघतो." ओरडून नाही, साधंच म्हणाला. ओरडला असता तर मी दोन शब्द परत दिले असते.

मी गाठोडं बांधायला घेतलं. सगळं धुतलं, उन्हात घातलं, घड्या केल्या. म्हटलं, बघूच दे त्या बाईला, आमचं घर किती स्वच्छ आहे ते. गोधडी खाली, झबली वर, साबण, तेलाची बाटली, काजळाची डबी. सगळ्यांत वर उशी, निळ्या फुलांचा अभ्रा नवा धुऊन.

कोंबड्या

वैशाखातलं धुळ्याचं ऊन काय असतं ते तिथल्याच माणसाला विचारावं. दवाखान्यात मंदा वैशूला घेऊन आधीच आली होती. वैशूने मला पाहून दोन्ही हात पुढे केले. अंग असं स्वच्छ, सोललेल्या केळीसारखं. मला आनंद व्हायला हवा होता. आणि मला काय वाटलं, तर ही आमच्याकडे नसते तेव्हाच अशी असते.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर गाठोडं उघडलं. एकेक वस्तू हातात घ्यायच्या, हुंगायच्या, विचारायच्या. साबण? अंगाचा नाही, कपड्यांचा आहे, बंद. तेल? करंजाचं, बंद. काजळ? बंद. गोधडी उलटीसुलटी करून म्हणाल्या, "ही छान आहे." मी मंदाकडे पाहिलं, पाहिलंस ना, अशा नजरेने.

मग उशी. त्यांनी ती दाबली, आतले दाणे करकरले. "यात मोहरी?"

"नाही, ज्वारीचं बी. हायब्रीड. बघा ना, वर्ष होत आलं, एक सोंडा नाही."

त्यांनी कात्री घेतली आणि एका कोपऱ्याची शिवण उसवली. मी म्हटलं, अहो अहो! पण दाणे ट्रेमध्ये पडले होते. गुलाबी. त्यांच्यामागून गुलाबी पीठ. अभ्र्याच्या आत, जिथे तेलाचा डाग होता तिथे, पिशवी चक्क गुलाबी झाली होती. त्याचा एक उग्र वासही होता. पेरणीच्या दिवसांत तो नानांच्या हातांना यायचा, म्हणून मला घरचाच वाटायचा.

"याला रंग कशाचा?"

"औषध लावलेलं असतं की त्याला, कीड लागू नये म्हणून. बियाण्याला लावतातच."

"मग उरलेलं बी कोंबड्यांना का नाही टाकलंत?"

"काय बोलता डॉक्टरीणबाई! कोंबड्या मरतील ना!"

बोलून गेले आणि तोंड तसंच उघडं राहिलं माझं.

मग मी बोलतच सुटले. म्हटलं, पिशवीवर लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हे बी खाऊ नये, जनावरांना घालू नये. गंगूबाईच्या कोंबड्या ओसरीवर येतात म्हणून पिशवी वर टांगून ठेवली होती मी, एवढी काळजी घेतली होती. खाऊ नये असं लिहिलं होतं हो, उशी करू नये असं कुठेच लिहिलं नव्हतं!

"नाही लिहीत," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच उतरला होता त्यांचा. "बाळाच्या डोक्याला तेल, त्यावर घाम, खाली हे. कापडातून येतं ते. सगळं या उशीनेच केलं असं मी म्हणणार नाही. या मुलीची कातडी मुळातच कोरडी, नाजूक आहे, त्यात तुमचे ते सगळे लेप. पण इथे उशी नाही तेव्हा बरं, तिथे उशी आहे तेव्हा चट्टे, हे तर दिसतंय ना?"

दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मंदाने वैशूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माझ्याकडे नाही, त्या ट्रेमधल्या दाण्यांकडे पाहत म्हणाली, "आई, मी सहा महिने वांगं खाल्लं नाही. इथे येऊनही नाही खाल्लं. म्हटलं, न जाणो, तुमचं खरं असलं तर."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी स्टुलावर बसले, आणि वैशूने मंदाच्या खांद्यावरून हात लांब करून माझा पदर ओढला.

घरी

विहीणबाईंना मी स्वतः सांगितलं. मंदाला म्हटलं, तू काही बोलू नकोस. त्या बिचाऱ्या सकाळपासून भांडायची तयारी करून बसल्या होत्या, पदर खोचून. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी खोचलेला पदर सोडला. म्हणाल्या, "बसा. उन्हातनं आलात." आणि सरबत केलं. साखर जास्त पडली होती त्यात, पण मी प्यायले.

मंदा लगेच आली नाही. तिने तसं सांगितलं, "आई, आठ दिवसांनी येऊ." मी हो म्हटलं.

त्या आठ दिवसांत मी गोधडी पुन्हा उकळली, सगळी तेलं, लेप, काळं मलम काढून टाकलं, आणि त्या बियांसाठी नानांना बांधापलीकडे खोल खड्डा करायला लावला. गंगूबाई विचारायला आली, हे काय चाललंय. मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "मंग वांगानं काही नव्हतं का?" मी म्हटलं, "नव्हतं." ती म्हणाली, "तरी पण..." मी म्हटलं, "गंगूबाई, घरी जा."

मंदा आली त्या दिवशी मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे सगळं घालून भरीत घोटलं, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी केली. ताट पुढे ठेवलं. मंदाने पहिला घास घेतला, जरा चघळला, आणि म्हणाली, "आई, उष्ण असतं ना हे?"

सुरेश पाण्याचा घोट घेत होता, त्याला ठसका लागला. मी म्हटलं, "खा मुकाट्याने." माफी मागायला हवी होती, तोंडापर्यंत आलीही होती. सासूच्या तोंडातून तो शब्द बाहेर कसा काढायचा ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

दहावा दिवस आला, मी कानामागे पाहिलं. काही नाही. अकरावा, काही नाही. पंधराव्या दिवशी गुडघ्यामागे एक खरखरीत चट्टा दिसला. पण डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, असं मधूनमधून निघेल, घाबरू नका, कोरडी कातडी आहे. आंघोळ थोडक्यात, लगेच साधं खोबरेल, दिलेलं मलम सांगितलं तेवढे दिवस आणि तेवढंच. वैशू पाच वर्षांची होईपर्यंत दर थंडीत कोपरं आणि गुडघे खरखरायचेच. कोणी म्हणत असेल की एका दिवसात सगळं गेलं, तर ते त्या बाळ्यासारखं समजा, जो कोणी पाहिला नाही.

आता सांगायचं ते एवढंच. लेकराच्या अंगावर काही उठलं की घरातल्या बायका आधी त्याच्या आईच्या ताटात डोकावतात. मीही डोकावले. तिथे डोकावण्याआधी लेकरू कशावर निजतं, त्याला काय लावतात, घरात काय आहे आणि जिथे ते बरं असतं तिथे काय नाही, ते पाहा. डॉक्टरने बंद म्हटलं की बंद करा, आणि जे जे लावलंत ते न लाजता सांगा. मी जळगावच्या डॉक्टरांना उशीचं सांगितलं असतं, किंवा त्यांनी विचारलं असतं, तर कदाचित तीन महिने वाचले असते त्या लेकराचे. आणि तिच्या आईचे.

दोन वर्षांनी मंदाला मुलगा झाला. यावेळी तो आमच्याकडेच झाला, तिने तसं ठरवलं होतं. पाचवीची पूजा झाली, पाहुण्या गेल्या. मी बाळाची झबली घड्या करत बसले होते. उशीचं नाव मी काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हते. घडी केलेलं जुनं लुगडं बाळाच्या डोक्याखाली दिलं होतं, शकीलाबीने शिकवलं तसं.

मंदा बाजेवरून उतरली, आत गेली, आणि माझ्यापुढे तीन गोष्टी आणून ठेवल्या. पांढरं मांजरपाट, सुईदोरा, आणि झाकण लावलेला एक डबा.

"आई, उशी शिवून द्या. तुमच्यासारखी टीप मला येत नाही."

डबा उघडायला हात पुढे होईना.

"उघडा ना," ती म्हणाली. "मोहरी आहे. दोनदा धुऊन वाळवलीय, आणि निवडलीय मी स्वतः." मग जरा थांबून, "कोंबड्यांना पण टाकून पाहिली. जिवंत आहेत."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्यांपुढे सगळं अंधुक झालं होतं, भोक काही सापडेना. शेवटी तिनेच सुई माझ्या हातातून घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि परत माझ्या हातात दिली.